आयव्हरमेक्टिन घेऊनही घरातली खरूज जात नाही, मग आणखी स्ट्राँग डोस घ्यायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १३ वर्षांचा, होस्टेलला असतो, सुट्टीत घरी आला तो खाज घेऊनच आला. तीन आठवड्यांत अख्खं घर खाजवायला लागलं, रात्री कोणाला झोप नाही. मेडिकलवाल्याने बघूनच सांगितलं खरूज आहे आणि आयव्हरमेक्टिन १२ ची एकेक गोळी सगळ्यांना दिली, चार वर्षांच्या मुलीला अर्धी. वडिलांचा हार्टचा व्हॉल्व बदललेला, ते वॉर्फरिनवर (रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर) आहेत, त्यांनीपण घेतली. बायको तीन महिन्यांच्या बाळाला पाजते, तिने घेतली आणि आता घाबरलीय. बहीण चौथ्या महिन्यात आहे, माहेरी आलीय, तिने घेतली नाही. आज दहावा दिवस आणि खाज तशीच. गावाकडचे काका म्हणतात गोळ्याबिळ्या सोडा, गुरांचं गोचिडाचं इंजेक्शन दोन मिली टोचून घ्या, एका दिवसात मोकळे व्हाल.

मी त्वचारोगाचा डॉक्टर, विदर्भात तालुक्याच्या गावी बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, आणि असा प्रश्न पावसाळा संपला की आठवड्यातून दोन-तीनदा येतोच. तुम्ही सगळ्यांची वजनं लिहिलीत हे फार बरं केलंत, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे.

काकांचं आधी संपवून टाकतो. ते इंजेक्शन घेऊ नका. औषध तेच आहे, खोटं नाही, पण गुरांचं इंजेक्शन १ टक्क्याचं असतं म्हणजे एका मिलीत १० मिग्रॅ, आणि ते ३०० किलोच्या जनावराला सहा मिली असं मोजून कातडीखाली द्यायचं असतं. माणसासाठी इंजेक्शन म्हणून ते बनवलेलंच नाही, त्यातलं द्रावण वेगळं, आणि सिरिंजमध्ये एक मिली इकडेतिकडे झालं की १० मिग्रॅचा फरक. माझ्याकडे एकदा एक शेतकरी आणला होता, त्याने टोचून नाही घेतलं तर चक्क पिऊन टाकलं, बाटलीच्या झाकणाने मोजून, साधारण दहा मिली. दारू प्यायल्यासारखा झुलत होता, उलट्या, समोरचं धूसर दिसतंय म्हणे, आणि बायको सांगत होती की हे माळकरी आहेत हो, कधी थेंब घेतला नाही. त्याला पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवला, तीन दिवसांनी घरी आला. या औषधाला उतारा नाही हे लक्षात घ्या. साप चावला तर लस आहे, याला काहीच नाही, फक्त सलाईन आणि लक्ष ठेवत बसायचं.

आता तुमच्या घरातला हिशोब. डोस साधारण किलोमागे ०.२ मिग्रॅ. तुम्ही ७१ किलोचे, तुम्हाला १५ मिग्रॅ पाहिजे होतं, १२ मिळालं. वडील ८२ किलो, त्यांच्या वजनाला १६ च्या वर जातं, तेही १२ वरच. मुलगा ३८ किलोचा, त्याला ९ पुरलं असतं, त्याला १२. चार वर्षांची मुलगी १४ किलोची, तिला ही गोळी द्यायलाच नको होती कारण १५ किलोच्या खाली आपण देत नाही, तिला अर्धी म्हणजे ६ मिग्रॅ गेली, ते वजनाच्या दुप्पट झालं. तुमच्या आई ५४ किलोच्या, त्यांना १२ लागतं आणि १२ च मिळालं. म्हणजे या पाच जणांत एकट्या आईंचा डोस बरोबर बसला, तोही योगायोगाने. आणि बहीण आणि बाळ तर पूर्णच राहिले. मेडिकलवाल्याला फार दोष देत नाही, त्याच्याकडे वजनकाटा नाही आणि समोर आठ गिऱ्हाइकं उभी.

मुलीची काळजी करू नका, एकदाच दुप्पट गेलं असेल आणि ती आज दहा दिवसांनी खेळते-खाते आहे तर जे व्हायचं ते केव्हाच होऊन गेलं असतं. हे औषध रक्तातून दोन-चार दिवसांत निघून जातं. फक्त तिला परत देऊ नका. बायकोचंही तेच, दुधातून जातं ते फार थोडं जातं, पाजणं बंद करायची काही गरज नव्हती आणि आताही नाही.

आता मुख्य मुद्दा, खाज का गेली नाही. खरजेचा किडा, डोळ्याला धड दिसत नाही एवढा, मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करते आणि त्यात अंडी घालते. आयव्हरमेक्टिन किडा मारतं, अंडं मारत नाही. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात आणि नवीन पिल्लावळ तयार, तोपर्यंत गोळी शरीरातून गेलेली असते. म्हणून एक आठवड्याने, फार तर दोन आठवड्यांच्या आत, दुसरा डोस. तो तुम्हाला कोणी सांगितलाच नाही. खरजेत "एक गोळी आणि काम तमाम" असं नसतं, मी पेशंटच्या चिठ्ठीवर दुसऱ्या डोसची तारीख वारासकट लिहितो आणि तरी अर्धे लोक विसरतात कारण तोवर खाज थोडी कमी झालेली असते.

दुसरं म्हणजे सगळ्यांचा उपचार एकाच रात्री व्हायला पाहिजे होता. ज्याला खाज नाही त्याचाही. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर माणूस ठणठणीत दिसतो आणि वाटत फिरतो. तुमच्या बाळाला काही नाही म्हणता, पण ते रात्री आईच्या कुशीत झोपतं ना? खरूज ही एका माणसाला होत नाही, घराला होते, आणि घर म्हणजे एका छताखाली झोपणारे सगळे, त्यात भांडीवाली मावशी मुलीला कडेवर घेत असेल तर तीपण.

आणि तिसरी गोष्ट, जी ऐकून लोक माझ्यावर चिडतात. किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहते. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर जिवंत किडे असतात किती, तर दहा-पंधरा! एवढ्याशा किड्यांनी एवढी खाज कशी, तर ती किड्याची नाहीच, त्याच्या अंड्याविष्ठेविरुद्ध आपल्या कातडीला आलेल्या ॲलर्जीची आहे. किडा मेला तरी कचरा तिथेच असतो, कातडी बदलेपर्यंत. लोक काय करतात, खाज आहे म्हणजे किडा आहे असं धरून परत गोळी, परत मलम, रोज मलम, वर डेटॉलची आंघोळ, मग कातडी सोलवटते आणि त्याचीच खाज सुरू होते. एक बाई दीड महिना रोज पर्मेथ्रिन हे खरजेचं मलम लावत होत्या, त्यांची खरूज केव्हाच गेली होती, उरला होता तो मलमाने झालेला इसब. मलम बंद केलं, खोबरेल तेल लावा म्हटलं, दहा दिवसांत बऱ्या.

पण आधी ही खरूजच आहे ना? तुमच्या वर्णनावरून वाटतंय, रात्रीची खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, मुलाला जांघेत गाठी, आणि घरभर पसरलेली. तरी जवळच्या डॉक्टरला एकदा दाखवा. मी अजूनही जुनी युक्ती करतो, बोटाच्या बेचक्यात शाईचं पेन फिरवायचं आणि लगेच स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, वरची शाई निघून जाते पण बोगद्यात शिरलेली राहते, अर्धा सेंटीमीटरची वाकडीतिकडी निळी रेघ दिसते. पेशंटला ती रेघ दाखवली की त्याला पटतं, लेक्चर द्यावं लागत नाही. हल्ली त्या तिहेरी मलमांनी, ज्यात स्टिरॉइड, बुरशीचं आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेलं असतं, त्याने खरजेचं रूपच बदलून जातं, नायटा वाटतो. तुमच्याकडे तसं काही लावलं असेल तर आजच बंद.

आता करायचं काय. एक रात्र ठरवा, शनिवारची धरा, कारण रविवारी चादरी धुवायला माणसं घरी असतात. दहा दिवसांपूर्वीचं झालेलं विसरून जा आणि नव्याने पहिला डोस धरा. तुमच्या डॉक्टरला वजनाचा कागद दाखवून त्यांच्याकडून लिहून घ्या. माझ्या हिशोबाने तुम्ही १५, आई १२, मुलगा ९, एवढेच तिघं गोळीवर, आणि तेवढंच पुढच्या शनिवारी परत. जेवणानंतर घ्या, पोट भरलेलं आणि जेवणात थोडं तेल-तूप असेल तर हे औषध जास्त शोषलं जातं आणि खरजेत आपल्याला ते कातडीपर्यंत पोचायला पाहिजे आहे. दारू घेणारं कोणी असेल तर त्या दोन-तीन दिवसांत नको. आईंना गोळ्या कशाच्या चालू आहेत ते लिहिलं नाहीत, नायट्यासाठी इट्राकोनॅझोल कोणी घेत असेल तर डॉक्टरला सांगा, हल्ली घरटी एक जण ते घेत असतो, आणि ते असताना आयव्हरमेक्टिन शरीरात जास्त साठू शकतं.

बाकी पाच जण, म्हणजे बायको, बाळ, मुलगी, बहीण आणि वडील, यांना पर्मेथ्रिन ५ टक्के मलम. गरोदरपणात आणि पाजताना तेच पहिल्या पसंतीचं, बाळाला दोन महिने पूर्ण झाले असतील तर चालतं, तुमच्या बाळाला तीन झालेत. वडिलांना गोळी का नको, तर वॉर्फरिनसोबत आयव्हरमेक्टिन घेतल्यावर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, वाढल्याच्या नोंदी आहेत, सगळ्यांचं वाढतं असं नाही, पण व्हॉल्व असलेल्या माणसावर मी तो प्रयोग करत नाही जेव्हा मलम हाताशी आहे. त्यांचा आयएनआर या एक-दोन दिवसांत करून घ्या. हिरड्यातून रक्त, लघवी लाल, अंगावर काळेनिळे डाग असं काही दिसत असेल तर दोन दिवससुद्धा थांबू नका.

मलम लावण्यात लोक जेवढा घोळ घालतात तेवढा गोळीत घालत नाहीत. जिथे खाज तिथे मलम असं नाही. मोठ्या माणसाला एका वेळी जवळजवळ ३० ग्रॅम लागतं, म्हणजे छोटी ट्यूब अख्खी संपली पाहिजे, पाच जणांत एक ट्यूब पुरवली असेल तर ते गंध लावल्यासारखं झालं. हनुवटीपासून तळपायापर्यंत, कानामागे, काखेत, बेंबीत, जांघेत, पार्श्वभागाच्या मध्ये, बोटांच्या बेचक्यात, आणि नखं कापून नखांच्या खाली. पाठीला दुसऱ्याने लावायचं. गरम पाण्याने आंघोळ करून लगेच लावू नका, अंग कोरडं आणि गार झालेलं असू दे. रात्रभर ठेवून सकाळी धुवायचं, आठ तास तरी राहिलं पाहिजे. बायको रात्री बाळाचं धुणार, हात धुतले की हाताला परत लावायचं, हे नव्वद टक्के लोक विसरतात आणि किडे सगळ्यात जास्त हातावरच असतात. पाजण्याआधी स्तनाग्रं पुसून-धुवून घ्यायची आणि पाजून झालं की परत लावायचं. बाळाला आणि मुलीला डोक्याला, चेहऱ्यालापण लावायचं, डोळे आणि तोंड सोडून, लहान मुलांना तळहात-तळपाय आणि डोक्यातही होतं. बाळ हात चोखतं म्हणून हातांना स्वच्छ मोजे घालून बांधून टाका. आठवड्याने सगळं परत, सेम.

कपड्यांचा बाऊ करू नका पण टाळूही नका. किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही. शेवटच्या तीन-चार दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल कढत पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. गोधड्या, वाकळ, गादी धुता येत नाही तर गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस माळ्यावर टाका, झालं काम, गादी तेवढी उन्हात टाका. घरभर फवारणी, फिनेल, रॉकेल, शेतातली पावडर अंगाला चोळणं, यातलं काहीही नको. हे लिहावं लागतंय कारण लोक करतात.

गोळी घेतल्यावर पहिले दोन दिवस खाज उलट वाढू शकते, थोडं गरगरणं, मळमळ, डोकं दुखणं, हे चालतं. फार झोपाळणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं, झटका, हे मात्र चालत नाही, लगेच दवाखाना. खाजेसाठी रात्री सेट्रिझिन घ्या, बहिणीने आपल्या बाळंतपणाच्या डॉक्टरीण बाईंना विचारूनच. मुलाच्या फोडांत पू झाला असेल तर आधी त्याचं औषध, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत मुलांच्या तोंडावर सकाळी सूज किंवा लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर किडनीला त्रास झालाय का ते बघावं लागतं. खरजेला लोक हसण्यावारी नेतात पण त्या पुवाच्या जंतूंमुळे किडनी सुजलेली पोरं आश्रमशाळांतून आलेली मी पाहिलीयत.

तुम्ही शेवटी विचारलंय की हे औषध नक्की सेफ आहे का, कोरोनात फार वाईट ऐकलं होतं. औषध चांगलं आहे, फार चांगलं आहे. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीतून एक जिवाणू वेगळा केला, त्याच्यापासून अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांच्या टीमने हे काढलं, आधी जनावरांसाठी, मग १९८७ पासून आफ्रिकेत कृमीमुळे येणाऱ्या नदीकाठच्या अंधत्वासाठी फुकट वाटलं गेलं, आणि २०१५ ला दोघांना नोबेल मिळालं. किड्यांच्या मज्जातंतूंत एक क्लोराइडचं दार असतं, हे औषध ते उघडं ठेवतं आणि किडा लुळा पडून मरतो. आपल्याकडे ते दार नाही, त्याच्यासारखं दुसरं आहे ते मेंदूत, आणि मेंदूच्या वेशीवर एक प्रोटीन वॉचमनसारखं उभं असतं, ते औषधाला आत येऊ देत नाही. कोली जातीच्या काही कुत्र्यांत तो वॉचमन जन्मतःच नसतो, म्हणून कुत्रा पाळणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने हे देऊ नये. माणसातही क्वचित एखादा असा निघतो, फ्रान्समधला एक १३ वर्षांचा मुलगा नेहमीच्याच डोसने बेशुद्ध झाला होता, तपासलं तर हेच निघालं. आणि भरमसाट डोस गेला की वॉचमन असला तरी पुरा पडत नाही, तो माळकरी शेतकरी त्यामुळेच झुलत होता.

फिजी बेटांवर २०१५ मध्ये छापून आलेला एक अभ्यास झाला, गावंच्या गावं घेतली, जिथे सगळ्यांना आयव्हरमेक्टिन दिलं तिथे खरूज शंभरात बत्तीस माणसांवरून वर्षात दोनवर आली. फक्त ज्याला खरूज त्याला आणि त्याच्या संपर्कातल्यांनाच मलम दिलं तिथे निम्मीच कमी झाली. सगळ्यांचं एकदम करा असं मी का पिडतो ते यात आलं. आपल्याकडे २०१९ ला नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगासाठी तीन गोळ्या एकदम दिल्या त्यात हीच गोळी होती, तेव्हा आशाताई उंचीची पट्टी घेऊन दारोदार फिरल्या, ९० सेंमीच्या खालच्या मुलांना दिली नाही, गरोदर बायकांना दिली नाही. पट्टी लावून दिलेली ती गोळी आणि काउंटरवर नग मोजून दिलेली ही गोळी यात तेवढाच फरक.

कोरोनाचं म्हणाल तर मे २०२१ मध्ये गोव्यात सरकारने १८ वर्षांवरच्या सगळ्यांना रोज १२ मिग्रॅ पाच दिवस घ्या असं जाहीर केलं होतं. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या त्यात कोरोनावर काही फायदा दिसला नाही. तेव्हा आमच्याकडे मेडिकलमध्ये ही गोळी संपलेली आणि खऱ्या खरजेच्या पेशंटला मिळत नव्हती, हा राग माझ्या मनात अजून आहे. आयव्हरमेक्टिनसोबत अल्बेंडाझोल हे जंताचं औषध एकत्र असलेल्या गोळ्यापण मिळतात, तुम्हाला ती दिली असेल तर बघा, खरजेला त्यातल्या अल्बेंडाझोलचा काही उपयोग नाही. आणि घरातलं कोणी कॅमेरून, गॅबन, काँगो भागात नोकरीला राहून आलं असेल तर गोळी घेण्याआधी तसं सांगा, तिथे लोआ लोआ नावाचा कृमी असतो, तो रक्तात फार असेल आणि आयव्हरमेक्टिन दिलं तर मेंदूला सूज येऊ शकते.

एक माझी चूक सांगतो, तुमच्या कामाची आहे. एका घराला मी तीनदा उपचार दिले, सगळं बरोबर, वजनं, तारखा, चादरी, आणि तीनदा परत खरूज. मीच वैतागून म्हटलं तुम्ही नीट लावत नाही. शेवटी घरी गेलो तर आतल्या खोलीत आजी, पॅरालिसिस झालेली, हाताला आणि टाचेला जाड पांढरे खपले, "तिला सोरायसिस आहे, तिला खाज नाही" म्हणून आणलंच नव्हतं. ती खपल्यांची खरूज, त्यात किडे हजारोंनी, लाखोंनी असतात, आणि अशा माणसाला खाज बरेचदा नसतेच. तिला एक-दोन डोस पुरत नाहीत, पहिल्या, दुसऱ्या, आठव्या, नवव्या आणि पंधराव्या दिवशी गोळी, वर मलम, असं डॉक्टरच्या नजरेखाली करावं लागलं. तेव्हापासून मी घरात किती माणसं असं विचारत नाही, रात्री कोण कुठे झोपतं असं विचारतो. तुमच्या घरात आठच आहेत ना? अंथरुणाला खिळलेलं कोणी नाही ना?

मुलाला दुसऱ्या डोसनंतर होस्टेलला पाठवा, पण त्याआधी वॉर्डनना फोन करा की त्या खोलीतल्या सगळ्या पोरांचं एकाच दिवशी करा. त्याला खाज आली की तो तिथे लपवणार, पोरं चिडवतात. त्याच्या जांघेतल्या गाठी दोन-तीन महिने राहतील, त्यासाठी परत गोळी द्यायची नाही. आणि चार आठवड्यांनंतरही बेचक्यात नवीन रेघा दिसल्या, तर पेन घेऊन शाई लावून बघा आणि मग दाखवायला या.